सिंधुताईंचं गॅस्केट गळत नाही

कल्पना करा, तुम्ही एका बुटक्या, दोन माणसांच्या जुन्या ब्रिटिश मोटारीखाली पाठीवर सरकला आहात. नाकापासून वीतभर वर इंजिन. फडक्याने एक सांधा पुसता, तो कोरडा होतो, तेवढ्यात शेजारचा ओला होतो. तो पुसता, तर तेल तिसऱ्याच सांध्यातून येऊन तुमच्या कपाळावर पडतं. आता सांगा, दोष कोणाचा?

कॅम्प-१ वस्तीत गॅरेज चालवणाऱ्या गुलाब मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं होतं. गॅस्केटचा. म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसवतात त्या कॉर्कच्या पातळ पट्टीचा. आणि ही गॅस्केटं कापली होती रिसालीच्या सिंधुताई भोयर यांनी.

नवरा आजारपणात गेल्यावर त्याच्या जागी सिंधुताईंना पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी लागली. पहिलं वर्ष त्यांनी स्टोअरमध्ये झाडू मारला आणि चहा दिला. दुपारच्या सुट्टीत त्या फिटर लोकांनी टाकलेले गॅस्केट-शीटचे तुकडे उचलायच्या आणि हातोडीने ठोकून कापायला शिकायच्या. पुढची सव्वीस वर्षं गॅस्केटचं टेबल त्यांचंच होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तसंच टेबल घराच्या ओट्यावर मांडलं.

मोटार आनंदची. तो प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये वाढलेला, वडील प्लांटमध्ये अधिकारी. १९६३ची ही गाडी एका शेडमध्ये सडत होती, ती त्याने विकत घेऊन उभी केली. रविवारी दुर्गला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. हॉलला नवी लाकडी फरशी, म्हणून नियम कडक होता: प्रत्येक गाडी आधी एक तास पांढऱ्या पुठ्ठ्यावर उभी राहणार. तेलाचा एक थेंब पडला, तर ती हॉलच्या बाहेर.

तीनदा गॅस्केटं बदलून झाली होती. गुरुवारी आनंद रिसालीला आला.

"काकू, वाईट नका वाटून घेऊ. यानंतर मी गॅस्केट विलायतेहून मागवतो."

सिंधुताईंनी हातोडी खाली ठेवली. "माग. पण पहिले मले गाडी दाखव. सव्वीस वर्षांत माझं गॅस्केट वापस नाही आलं, आन् तुह्या गाडीतून तीनदा आलं."

गॅरेजमध्ये गुलाब हसला. "ताई, तुमी कायले आल्या? इथं सब तेलच तेल आहे."

"तेलातच पेन्शन कमावली मी. चालू कर."

इंजिन सुरू झालं. सिंधुताईंनी तेल भरायचं झाकण सैल केलं, तशी आतून गरम वाफ येऊन झाकण हातातच उचललं गेलं.

"हे तं फुगून राहिलं रे. याचा श्वास कुठं आहे?"

हा प्रश्न त्यांना फकिरा नावाच्या जुन्या फिटरने शिकवला होता. गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की लोक सिंधुताईंच्या गॅस्केटवर बोट दाखवायचे. फकिरा मात्र आधी गिअरबॉक्सचं हवा सोडायचं छिद्र बघायचा. बहुतेक वेळा ते धुळीने बंद झालेलं असायचं. आतली गरम हवा वाट शोधत सांध्यांवर रेटा द्यायची आणि तेल बाहेर ढकलायची.

"श्वास-बिस काही नाही," गुलाब म्हणाला. "एक नळी होती, खाली उघडी लोंबून राहिली होती. मी तिले ब्लँक मारला, तोंडच बंद."

"कावून?"

"कावून म्हणजे? उघडी लाईन सोडते काय कोणी?"

गुलाबने बारा वर्षं प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काढली होती. तिथला पहिला धडाच तो: नळीचं तोंड उघडं दिसलं की बंद करा. त्याने क्लॅम्प सोडला. आतून कापड भरलेल्या रबराची छोटी काळी चकती निघाली.

सिंधुताईंनी ती उलटसुलट केली. कड स्वच्छ, एक धागा बाहेर नाही. असा काप फक्त त्यांच्या हाताचा. पहिल्या गॅस्केटांबरोबर गुलाबने ही चकती मागितली होती आणि ती कुठं लावणार हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"चकती मात्र एक नंबर होती ताई," गुलाब म्हणाला. "हवासुद्धा नाही निघाली."

"कापली मी, लावली तू. अर्धी चूक तुही, अर्धी माही."

"मग नवीन गॅस्केट टाकू?"

"नाही. तेच राहू दे. आता त्यायची परीक्षा आहे."

नळी मोकळी केली. इंजिन रॉकेलने पुसून कोरडं केलं आणि प्रत्येक सांध्यावर टाल्कम पावडर मारली, म्हणजे ओल कुठं येते ते लगेच दिसेल. आनंद राजनांदगावपर्यंत जाऊन परत आला. पावडर तशीच पांढरी होती.

रविवारी गाडी पुठ्ठ्यावर उभी राहिली. आनंद दर पाच मिनिटांनी वाकायचा. सिंधुताई खुर्चीवर बसून होत्या, त्या एकदाही वाकल्या नाहीत. तास संपल्यावर आयोजक वसुंधरा मॅडमनी पुठ्ठा ओढून काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "कोरा. आत घ्या."

गाडी लाकडी फरशीवर गेली. माहितीच्या फलकावर मालक आणि मिस्त्री यांची नावं होती. आनंदने पेन काढून खाली लिहिलं: गॅस्केट, सिंधुताई भोयर, रिसाली.

"आता विलायतवालेच तुमाले ऑर्डर देतीन," गुलाब म्हणाला.

सिंधुताईंनी फलक दोनदा वाचला. मग त्या गाडीच्या मागे जाऊन अखेर वाकल्या.

"गुलाब, तू येता येता सांगितलं, इंजिनाच्या मागच्या टोकाले, जिथून फिरता दांडा बाहेर निघते, तिथं गॅस्केटच नाही. दांड्यावर आटे कोरले आहेत, दांडा फिरला की ते तेल आत ढकलतेत. हे समजलं मले. पण इंजिन बंद होऊन एक घंटा झाला. दांडा तं फिरून नाही राहिला. मग या वक्ती तेलाले अडवून कोण राहिलं?"