तुटक रेघ आणि सुषमाची खुर्ची

“सोमवारपासून सुषमाच्या खुर्चीवर माझा भाचा बसेल, आणि सुषमाला मी...”

एवढं कानावर आलं आणि माझ्या कुकरने शिट्टी दिली! पुढचं गेलं. समोरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून साहेब फोनवर ओरडणार, मग शेजाऱ्यांना ऐकू येणारच ना? असे किस्से मी गोळा करत नाही हो, ते आपणहून जिन्यावरून माझ्याकडे येतात.

वसईत तेव्हा कम्प्युटरची नवलाई होती. समोरच्या फ्लॅटमधल्या ऑफिसात तिघंच: साहेब, जवळच्याच उमेळ्याची सुषमा आणि नंदाखालचा विल्सन. नकाशे काढणारा प्रोग्रॅम लिहायचे. तुटक रेघांचं खातं सुषमाकडे.

“रेघा ओढायला एवढं शिकलीस?” मी एकदा विचारलंच.

“काकू, माणूस ‘८ ३’ असं टाइप करतो. प्रोग्रॅमने ते वाचून आठ रेघ, तीन जागा, पुन्हा आठ रेघ, असं जायचं.”

“म्हणजे धावदोरा!”

“धावदोराच. पण इथली सुई अडाणी. सांगाल तेवढंच करते.”

*

विल्सनने एकदा मुद्दाम ‘० ०’ टाइप केलं. शून्य रेघ, शून्य जागा. कम्प्युटर गपगार! माउससुद्धा हलेना.

साहेब धावत आले. “काय झालं?”

“काही नाही सर. रेघ निघालीय, फक्त पोचत नाहीये!”

*

दुसऱ्यांदा साहेबांनीच चुकून ‘-८ ३’ टाइप केलं. प्रोग्रॅमने घ्यायला नकार दिला. साहेबांना राग आला.

सुषमा शांतपणे म्हणाली, “साहेब, उणे आठ म्हणजे आधीची रेघ पुसत यायची का?”

मी चहा द्यायला गेले होते. ट्रे सांभाळू की हसू!

*

खरी जुंपली ती उमेळ्याच्या नकाशावरून. केळीच्या वाड्यांमधून एक रस्ता सुचवला होता, नक्की नव्हता, म्हणून तुटक रेघ.

“आकडे वाचता आले नाहीत, तर प्रोग्रॅमने गुपचूप सलग रेघ ओढायची,” साहेब म्हणाले. “गिऱ्हाइकाला चूक दाखवायची नाही. कोण बघतंय!”

“माझे बाबा बघतील. सलग रेघ म्हणजे रस्ता ठरला. त्यांची केळी त्या रेघेखाली आहेत.”

“मग काय करायचं प्रोग्रॅमने?”

“थांबायचं. ‘मला समजलं नाही’ म्हणायचं.”

“नोकरी प्यारी आहे ना?”

रागावली की सुषमाची घरची बोली बाहेर येते. “प्यारी हाय. पन मी नाय करनार!”

साहेबांचा तो फोन मी ऐकला, तो त्याच संध्याकाळी.

*

सोमवारी भाचा खरंच आला! इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. मी साखर मागायला गेले. (माझ्याकडे होती साखर.)

“ती ‘समजलं नाही’ची ओळ ह्याला दाखव,” साहेब म्हणाले. “तो काढेल.”

सुषमाने खुर्चीवरून न उठता कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. “ही बघ. काढ. पण वर लिहिणाऱ्याचं नाव आहे ना, माझं? ते खोडून आधी तुझं टाक.”

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामांनी विल्सनकडे. विल्सनने पंख्याकडे.

“मामा,” भाचा हळूच म्हणाला, “तुमचं टाकू?”

साहेब खाकरले. मग माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमच्याकडे एखादं स्टूल आहे का हो? ह्याला बसायला काहीतरी हवं.”

दिलं. अजून परत आलेलं नाही!