हशू आमच्या मंडळात आला

किस्से काही ठरवून साठवावे लागत नाहीत. चार जुनी टाळकी आमच्या मूल गावच्या चौकात चहाला बसली की ते आपोआप निघतात, आणि दर वेळी थोडे फुगलेले असतात. आमच्या तरुण मंडळाचे अर्धेअधिक किस्से हशूचे आहेत. गंमत अशी, की प्रत्येक किश्शात हशू मोठा होतो आणि माझी फजिती होते! दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. आधीच कबूल करून टाकतो, मी हशूवर जळायचो. थोडाथोडका नाही, पोटातून जळायचो.

*

फाळणीला चारपाच वर्षं झाली होती. आमच्या स्टेशनजवळ सिंधी निर्वासितांची दहाबारा कुटुंबं येऊन राहिली होती. त्यांची व्यवस्था बघणारे एक साहेब चांद्याहून आले आणि आमचे सेक्रेटरी दामूभाऊ यांना म्हणाले, "ही पोरं देशात नवी आहेत. दिवसभर राबतात आणि संध्याकाळी भिंतीला टेकून बसतात. त्यांना तुमच्यात घ्या. खेळ, नाटक, काय असेल ते."

दामूभाऊंना ऑर्डर मिळाली की भाषण सुचायचं. त्यांनी त्या पोरांना मैदानावर गोळा केलं आणि 'हा देश आता तुमचाच आहे' हे अर्धा तास समजावून सांगितलं. पोरं बिचारी हाताची घडी घालून ऐकत होती. शेवटी दामूभाऊंनी विचारलं, "काही अडचण आहे का?"

मागून एक गोरा, शेलाटा, वीसेक वर्षांचा पोरगा उठला. तोच हशू. म्हणाला, "साहब, देश समझ गया. बॉल कुठे आहे?"

आमचा व्हॉलीबॉल दामूभाऊंच्या घरी कपाटात कुलूपबंद होता. फुटू नये म्हणून दोन वर्षं तो तिथंच होता!

*

हुतुतूचा कॅप्टन मी. माझा दम गावात नावाजलेला. हशूला हा खेळ ठाऊक नव्हता, म्हणून मी मोठ्या मनानं त्याला नियम समजावले. म्हटलं, "दम तुटला की बाद. तुला नाही जमायचं एवढ्यात."

"बघतो, अदा," तो म्हणाला. सिंधीत भावाला अदा म्हणतात. मला ते 'अदा'सुद्धा खुपायचं.

हशू आमच्या बाजूला आला तो 'हुतुतू हुतुतू' करत आला आणि काही केल्या थांबेना. आमचे चार गडी बाद झाले. पाचवा मी! मी रेफ्रीकडे धावलो. रामाजी मास्तर रेफ्री होते. म्हटलं, "मास्तर, हा लबाडी करतो. माणसाचा एवढा दम नसतो."

मास्तरांनी हशूला विचारलं, "काय रे, एवढा दम कुठून आणला?"

"छोट्या लाइनच्या रेल्वेत गोळ्या विकतो, मास्तरजी. मूल ते नागभीड ओरडतच जातो. थांबलो तर दुसरा विकून टाकतो."

मास्तर माझ्याकडे वळले. "अन् तू काऊन दम घेत नाईस? तुले कोनी मना केलं का?"

पुढच्या रविवारी हशू कॅप्टन झाला.

*

मग मी एक नीच काम केलं. उन्हाळ्यात आम्ही टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला जंगलात जायचो. पिकलेलं टेंभर गोड लागतं, पण कच्चं तोंडात टाकलं की जीभ टाळ्याला चिकटते आणि माणूस बराच वेळ धड बोलू शकत नाही. मी हशूला नेमकी कच्ची निवडून दिली. त्याच्या तोंडाचं जे काही झालं ते बघून सगळे लोळलो.

वाटेवर गोंडांचं एक लहान गाव होतं. तिथली एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं हशूचं वाकडं तोंड पाहिलं, त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि घरातून टोपलीभर पिकलेली टेंभरं आणून त्याच्या मांडीवर ठेवली. मी हात पुढे केला, तर तिनं टोपली बाजूला सरकवली!

मी म्हटलं, "आजी, मी दरवर्षी येतो इथं. मला कधी एक टेंभर नाही दिलं तुम्ही."

"तू झाडाचे तोडून खातेस, बाबू. मले इचारतेस का कधी?" ती म्हणाली. "या पोराले तं झाडच मालूम नाई."

हशूनं परत येताना सगळ्यांना वाटून दिली. मला दोन जास्त दिली. ती मी रागानं खाल्ली.

*

बाहेरचं एक वेळ सोसवतं, पण हा गडी माझ्या घरात शिरला. पावसात भिजलेला म्हणून मीच त्याला एकदा घरी आणला होता. आईनं कोथिंबीर भरून गरम सांबारवडी केली होती. हशूनं एक खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाला, "अम्मा, और है?"

झालं! तेव्हापासून आमच्याकडे सांबारवडी केली की पहिलं ताट स्टेशनकडे जायचं. एकदा मला दोनच वड्या उरल्या. मी ताट लोटलं आणि आईला म्हटलं, "मुलगा कोण आहे तुझा? तो का मी?"

आई चुलीजवळून उठलीसुद्धा नाही. "त्याची माय वाटेतच गेली रे, गाडीत. तुले तं मी आहो."

पण खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, ती नाही वाटली. मला त्याच्या दुःखाचाही हेवा वाटला.

*

एक जागा मात्र माझीच होती. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतंच. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. तीन वर्षं आमच्या मंडळाची नायिका मी होतो! मैदानाबाहेर वर्षभर कुणी हिशेबात न धरलेला माणूस त्या एका दिवशी गावभर 'काय रडवलं!' म्हणून ओळखला जायचा. कॅप्टनकी गेल्यावर दुसरं काही उरलं नव्हतं माझ्याकडे.

नाटकही रामाजी मास्तरच बसवायचे. नायिका निवडायची त्यांची एक टेस्ट होती. उमेदवारानं नऊवारी नेसून आठवडी बाजारात जायचं, भाजी घेऊन यायचं. कुणी पुरुष म्हणून ओळखलं तर काम गेलं. मी तिन्ही वर्षं पास.

त्या वर्षी दामूभाऊ म्हणाले, "हशूलापण बाजारात धाडून पाहू ना!"

मी आधी गेलो. पदर सावरत वांगी ओच्यात घेतली आणि ताठ मानेनं परत आलो. कुणी हूं की चूं केलं नाही. मग हशू गेला. तो आला तेव्हा दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या! कासारानं नवी सून समजून बसवूनच घेतलं होतं.

"बांगड्यांनी काय होतं?" मी म्हटलं. "मलाही कुणी ओळखलं नाही."

तेवढ्यात भाजीवाली बाई विसरलेली पिशवी घेऊन मागोमाग आली. मास्तरांना म्हणाली, "मास्तर, थे गोरी सून कोनाची जी? लाजरी आहे बापा." मग माझ्याकडे वळली. "अन् हे घे तुही पिशवी, भाऊ. दरवर्षी लुगडं नेसून येतेस, अन् दरवर्षी पिशवी इसरतेस!"

*

अशा रीतीनं हशू नायिका झाला आणि मी प्रॉम्प्टर.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्टेज उभं होतं. गॅसबत्त्या लागल्या. पुढे बाया, मागे पुरुष, अगदी शेवटी स्टेशनजवळची सिंधी मंडळी. मी विंगेत वही घेऊन बसलो.

नाटक दरवर्षीचंच. दुसऱ्या अंकात नायिकेला घर सोडावं लागतं. निघण्याआधी ती दाराशी उभी राहून घराचा निरोप घेते. चारच वाक्यं आहेत. त्या चार वाक्यांवर मी तीन वर्षं सगळी मंडई रडवली होती. तालमीत हशूनं ती एकदाही चुकवली नव्हती.

हशू दाराशी आला. त्यानं चौकटीवर हात ठेवला आणि थांबला. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यानं हळूच विंगेत माझ्याकडे पाहिलं.

वही माझ्या मांडीवर होती. बोट त्याच ओळीवर होतं. वहीची गरजही नव्हती, वाक्यं मला झोपेत पाठ होती. मी ओठ घट्ट मिटले. मनात म्हटलं, विसर! कळू दे सगळ्या मंडईला, नायिका कोण होती ते.

समोरच्या विंगेतून दामूभाऊ हातवारे करत होते. मी वहीत डोकं घातलं.

हशूनं पुन्हा एकदा पाहिलं. मग तो दाराकडे वळला आणि सिंधीत बोलायला लागला. काय बोलला ते आमच्यापैकी कुणाला आजतागायत ठाऊक नाही. हळू बोलत होता, दाराशीच बोलत होता. मग खाली बसला आणि पदरानं उंबरठा पुसू लागला. पुढच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. अगदी मागे सिंधी मंडळी एकेक करून उठून उभी राहिली. पडदा ओढणाऱ्याला पडदा ओढायचं सुचलं नाही. शेवटी दामूभाऊंनीच ओढला.

रामाजी मास्तर विंगेत धावत आले. मला वाटलं, आता कानाखाली बसते! त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "प्रॉम्प्टर पाह्यजे तं असा! कुठी बोलाचं ते साऱ्यायले समजते. कुठी चूप राहाचं, ते यालेच समजलं!"

मग हशू आला. काजळ गालांवर उतरलेलं, लुगड्याचा सोगा हातात. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"अदा," तो म्हणाला, "तुम्ही मुद्दाम चूप राह्यले ना?"

मी म्हटलं, "हो."