मुखपृष्ठावर देव नको

आमच्या प्रकाशनाचा कायदा एकच होता आणि तो ह्यांनी केला होता. मुखपृष्ठावर देव नको. आता आम्ही छापायचो ती पुस्तकं सगळी देवांचीच. गावदेव, झाडं पुजणारे लोक, सूर्याला आणि पावसाला नवस बोलणारे जुने धर्म. अभ्यासकांनी तळटीपांसकट लिहिलेली, वाचणारे मूठभर. कोल्हापुरात बसून असलं प्रकाशन चालवायला डोकं फिरलेलं असावं लागतं, आणि आमच्या घरात तशी दोन डोकी होती.

कायद्यालाही कारण घडलं होतं. पहिल्या पुस्तकावर आम्ही हौसेनं शेंदूर फासलेल्या देवीचा फोटो टाकला. बाइंडर कडा कापायला तयार होईना. "देवीवर सुरी कशी चालवू, वैनी?" म्हणाला. खराब निघालेले कागद रद्दीवालाही घेईना. शेवटी देव न मानणारा माझा नवरा तो गठ्ठा सोडायला पंचगंगेत गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि मी घाटावर बसून पोट धरून हसले. पुढं आजऱ्याचा एक वाचक भेटला. पुस्तक देवघरात ठेवलंय, रोज हळदकुंकू वाहतो, असं अभिमानानं सांगायला लागला. वाचलं का, म्हणून ह्यांनी विचारलं. "छे वो, उघडायचं धाडस हुईना!"

त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन जे तोंड सोडलं ते गल्लीनं ऐकलं. "पुस्तक उघडायला असतंय, पाया पडायला न्हाय!"

मुखपृष्ठ निवडायची ह्यांची रीत न्यारी होती. डिझाइनं आली की ती स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांना टेकून उभी करायचे आणि समोर जेवायला बसायचे. भाकरी मोडता मोडता बघत राहायचे. ज्याचा वीट येईल ते बाद. "काढ गं ते, आमटी गोड लागंना," म्हणायचे. मला भडक लाल आवडायचा, ह्यांना मातकट. आमची निम्मी भांडणं त्या फळीखाली झाली, आणि खरं सांगते, तीच आमच्या संसारातली चैन होती.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी प्रुफातल्या चुका दिसेनात, मग छापखान्याची वाट सापडेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली आणि आता हे असंच उतरत जाणार म्हणाले. बोलणं कमी झालं. पाठोपाठ चिडणंही गेलं. येणारे-जाणारे म्हणायचे, बरं झालं बाई, शांत झाले. मला ती शांतता खायला उठायची. माझं नाव ते चुकत होते, पण मी कोण ते त्यांना कळतंय, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी जयसिंगपूरच्या एका प्राध्यापकांचं पुस्तक आलं. युरोपातले ख्रिस्ताआधीचे, निसर्ग पुजणारे पेगन धर्म आणि आपले गावदेव, अशी तुलना. दोन मुखपृष्ठं ठीकठाक झाली. एकावर परदेशातल्या माळावर गोल मांडलेले उंच दगड, दुसऱ्यावर चिंध्या बांधलेलं झाड. तिसरं मी मुद्दाम करून घेतलं. शेंदराचा दगड आणि त्यावर हुपरीला घडवतात तसले चांदीचे डोळे, पानभर. डिझाइन करणारी पोरगी बिचकली. "सरांना चालंल?"

"नाही चालणार. म्हणूनच कर," मी म्हटलं.

मला त्यांचा राग हवा होता. एकदा, फक्त एकदा त्यांनी ताट सरकवून माझ्यावर ओरडावं, अक्कल काढावी माझी, एवढंच मला पाहिजे होतं. ओरडले असते तर मी ओळखलं असतं की आहेत अजून आत.

तिन्ही फळीवर उभी केली आणि त्यांना जेवायला वाढलं. पहिल्या दोन्हींवरून नजर गेली. तिसऱ्यावर थांबली. हातातला घास तसाच राहिला. आता ताट सरकवतील, म्हणून मी पुढं झाले. ते उठले. मोरीवर जाऊन हात धुतले, पायातल्या घरात घालायच्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि फळीसमोर येऊन हात जोडले. जन्मात कधी न जोडलेले हात.

"आमची ही कुठं गेलीया कुणास ठाऊक," ते त्या मुखपृष्ठाला सांगत होते. "लई दिवस झालं दिसंना. तापट हाय जरा, पर मनानं वंगाळ न्हाय. तेवढी घरला लावून दे."

मी शेजारीच उभी होते. हातात आमटीचा डाव होता. माझ्याकडं वळून ते अदबीनं म्हणाले, "तुमीबी म्हणा की, बाई. दोघांनी मागितलं तर ऐकंल."

मी डाव ठेवला आणि हात जोडले. रडू फुटलं, तर ते मलाच समजवायला लागले. येईल ती, म्हणाले.

झाडाचं मुखपृष्ठ मी एकटीनंच पास केलं. पुस्तक छापून आलं, लेखकाला आवडलं. तिसरा कागद फळीवरून काढायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ती आली की काढू."