शाळेच्या वेळेची भेंडी

माझी मोठी जाऊ माहेरची शहापूरकडची. लग्न होऊन मी मुरबाडजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हापासून मी तिला वयनी म्हणायचे आणि ती मला नुसतं ‘गो’. तिला मूल झालं नाही. माझी पोरं तिच्याच मांडीवर वाढली, आणि भूक लागली की मला नाही, तिला हाक मारायची.

कल्याणच्या एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळतं. तिथं भाजी लांबच्या मार्केटातून यायची, पिशव्यांत कोंबलेली, निम्मी टाकून द्यावी लागायची. शाळेच्या बाई आमच्या बचत गटाच्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या शेतातली भाजी थेट आमच्या स्वयंपाकघरात आली तर? सकाळची ताजी मिळेल का?” वयनी सगळ्यात मागं बसली होती. तिथूनच बोलली, “मिळंल की. का नाय मिळणार?”

गटाच्या नावावर बॅटरीवर चालणारा छोटा टेम्पो आला. तो चालवायला मी शिकले. गावात हसली माणसं. वयनी मात्र बाजूच्या सीटवर बसून माझ्याबरोबर पार मुरबाडच्या एसटी स्टँडापर्यंत आली आणि ओळखीच्या प्रत्येक बाईला हाक मारत राहिली. जाताना भाजी न्यायची, शाळेत गाडी चार्जिंगला लावायची, येताना तिथली सालपटं खतासाठी परत आणायची, असा आमचा नेम बसला.

शाळेतला स्वयंपाक सकाळी लवकर चढायचा. म्हणून भेंडी अंधारातच तोडायला लागायची. भेंडीची लव अंगाला खाजते, त्यामुळे वयनी भावजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना फुलशर्ट साडीवर चढवायची, हातात मोजे घालायची आणि बॅटरी तोंडात धरून वाफ्यात शिरायची. मी म्हणायचे, “वयनी, पायात बूट तरी घाल.” ती म्हणायची, “बुटात पाय फुगतो गो माझा.”

एकदा मी तिला हट्टानं शाळेत नेलं. मुलं जेवायला बसली होती. एका मुलीनं भेंडी ताटाच्या कडेला सारली आणि वयनीकडं बघून तोंड वाकडं केलं. मला वाटलं, हिला वाईट वाटेल. वयनी त्या मुलीजवळ जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “मला पण लहानपणी नाय आवडायची. एकच खा, मग मी जाते.” मुलीनं एक खाल्ली. वयनी उठलीच नाही. ताट रिकामं होईपर्यंत तिथंच बसून राहिली. परतताना गाडीत ती सारखा पदर डोळ्यांना लावत होती.

त्या वर्षीच्या थंडीत एका पहाटे, उजाडायच्या आत, क्रेट भरून झाले, मी गाडी सुरू केली. वयनी म्हणाली, “तू निघ, टाइम झाला. मागची ओळ राहिलीय, ती तोडून ठेवते, घरात खायला होईल.” मी निघाले.

मागच्या ओळीत घोणस होती. पायालाच चावली.

गावात त्या वेळी चारचाकी एकच होती, आणि ती घेऊन मी कल्याणच्या वाटेवर होते. भावजींनी तिला मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकानं धरून, मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्सनं कल्याणला पाठवलं. मला फोन लागला तेव्हा मी शाळेत क्रेट उतरवत होते. स्वयंपाकाच्या मावशी भेंडी मोडून बघत म्हणत होत्या, “आज किती कोवळी आहे हो!”

मी गाडी तिथंच चार्जिंगला सोडून रिक्षानं दवाखान्यात गेले. वयनी शुद्धीवर होती. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा झालेला. अंगात तो भावजींचा शर्ट तसाच होता. मला बघून म्हणाली, “पातळ नीट कर गो माझं. लोकं बघतात.” मी निऱ्या सारख्या केल्या, पदर पायांवर घातला. ती म्हणाली, “पोरं शाळेत गेली?” मी म्हटलं, गेली. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि मला बाहेर काढलं. पोरं शाळेतून घरी यायच्या आत ती गेली.

बुद्धविहारात तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शाळेच्या बाई आल्या होत्या. गटातल्या बायकांनी त्यांना सांगितलं, आता आमी अंधारात वाफ्यात उतरणार नाय. आदल्या दिवशी दुपारी तोडलेली चालत असेल तर देऊ. आम्हाला वाटलं, त्या नको म्हणतील. बाई लगेच म्हणाल्या, “चालेल ना. आम्ही रात्रभर थंड जागेत ठेवू.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, हळू आवाजात म्हणाल्या, “आधीही चाललं असतं.”

भावजी उठून बाहेर गेले. बाईंनी ताजी मागितली, वयनीनं देते म्हटलं. बोलणं एवढंच झालं होतं, आणि तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

आता आम्ही उन्हं कलायच्या आत तोडतो, सगळ्या जणी बूट घालून. टेम्पो मीच चालवते. माझा धाकटा अजून भूक लागली की आधी वयनीच्या खोलीकडं वळतो, दारापर्यंत जातो आणि मग माझ्याकडं येतो.

मध्यंतरी मी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, “पहाटेची आणि ही, भाजीत काही फरक वाटतो का हो?”

त्यांनी आठवून बघितलं. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही.”

मी गाडीत येऊन बसले. बराच वेळ मला चावी फिरवता आली नाही.