नारळी पौर्णिमेआधी

नाखवा गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते आधी गाडीसमोर उकिडवे बसत, बंपरखाली हात घालून चाचपत आणि रस्त्यापासून वर बोटांनी वीत मोजत. "दीड वीत," असं स्वतःशीच पुटपुटत. मग मान वर करून विचारत, "राहता कुठं? गल्लीत पाणी भरतं काय?" ब्रेक वाजतो म्हणून आलेला माणूस चक्रावूनच जायचा. पण नाखवांचा हिशेब सरळ होता. इंजिन हवा ओढतं, ती हवा गाडीत जिथून शिरते ते तिचं नाक, आणि ते नाक रस्त्यापासून किती उंच आहे हे कळल्याशिवाय मुंबईत त्या गाडीला हात लावण्यात अर्थ नाही.

त्यांचं खरं नाव आमच्या इमारतीत फार तर दोघांना ठाऊक असेल. ते वरळी कोळीवाड्यातले. अर्धं आयुष्य होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. पुढे होडीच्या पोटात वाकून काम करणं कंबरेला जमेना, तेव्हा परळ भोईवाड्यात तीन भिंती आणि वर पत्रा एवढ्या जागेत त्यांनी गॅरेज काढलं. नाखवा म्हणजे खरं तर होडीचा मालक. यांच्याकडे होडी कधीच नव्हती, पण माणूस हुकूम असा सोडायचा की गिऱ्हाईकं आपोआप त्यांना नाखवा म्हणू लागली. मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब त्यांच्यासमोर पाना धरून उभे राहिलेले मी पाहिलेत.

आता माझ्या मूर्खपणाकडे यायचं तर थोडं गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी बाबांची. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली, आणि चालवायचो मी. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि ऑफिसातल्या चार गाडीवेड्या मित्रांत वावरत होतो. कंपनीने दिलेली हवेची पेटी वर, इंजिनाच्या कुशीत असते. तिथली हवा गरम. ती पेटी काढून टाकायची, एक लांब नळी बंपरच्या मागे खाली सोडायची आणि तिच्या टोकाला फिल्टर लावायचा, म्हणजे गार हवा मिळते, गाडी जरा जास्त ओढते आणि मुख्य म्हणजे घुमल्यासारखा आवाज करते. त्या आवाजासाठी आम्ही जीव टाकायचो. बाबांनी साफ नाही म्हटलं होतं. शेवटी मी नाखवांना मध्ये घातलं, तेव्हा बाबा म्हणाले, "नाखवा बसवणार असतील तर बसव. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये."

नाखवांनी बसवली, पण एका अटीवर. पावसाळा तोंडावर आला, कोळीवाड्यात होड्या वर ओढल्या, की गाडी त्यांच्याकडे न्यायची. ते लांब नळी काढून ठेवणार आणि कंपनीची पेटी जागेवर बसवणार. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाला, होड्या पाण्यात गेल्या, की मग नळी परत. त्याआधी एक दिवससुद्धा नाही. मध्ये आठ दिवस कडकडीत ऊन पडलं तरी नाही. कोणी हुज्जत घातली तर ते शांतपणे सांगत, "दर्या दिसायला शांत असतो, तेवढ्यावर आम्ही होडी सोडत नाय. तुमचा रस्ता तर दर्यापेक्षा खोटा हाय." त्या पत्र्याखाली एका खिळ्यावर अशा चार-पाच पोरांच्या नळ्या पावसाळाभर टांगलेल्या असायच्या, प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी.

ज्यांनी नळी दुसरीकडून बसवून घेतलेली असे आणि पावसाळ्यातही काढायची नसे त्यांच्यासाठी नाखवांच्या बायकोने शिवलेलं टोपडं असे. जुन्या छत्रीचं कापड, कडेला नाडी, फिल्टरवर बाळाच्या डोक्याला घालतात तसं घट्ट बसायचं. पण ते देताना नाखवा बजावत की हे शिंतोड्यांपुरतं आहे, नाक पाण्यात बुडालं तर टोपडं काही करू शकत नाही. गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण निखळलं असेल तर ते बसवल्याशिवाय गाडी बाहेर जाऊ देत नसत. "गाडीला पोहता येत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. "तिला फक्त बुडता येतं."

पाण्याचे त्यांचे नियम दोन. पहिला, साचलेल्या पाण्यात गाडी घालण्याआधी आपण उतरायचं आणि चालून बघायचं. घोटा बुडाला तर हळू जायचं, पोटरी भिजली तर गाडी मागे घ्यायची. दुसरा नियम सांगताना ते समोरच्याचं मनगट पकडत. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवायची नाही. काही झालं तरी नाही. बंद पडलेल्या गाडीत पाणी नुसतं बसलेलं असतं, ते काढता येतं. किल्ली फिरवली की इंजिन ते पाणी दाबायला बघतं, पाणी दबत नाही, आणि मग आतला लोखंडी दांडा वाकतो. हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा "हो नाखवा" म्हटलं.

बाबांचा आणि त्यांचा दोस्ताना जमला तो चहावर. रोज अकराच्या सुमाराला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून भोईवाड्यात जायचे. नाखवा स्टोव्हवर आल्याचा चहा करायचे आणि दोघं एका जुन्या गाडीच्या सीटवर बसायचे. बोलणं फार नसायचं. एकाने कुठल्या गल्लीत खोदकाम चाललंय ते सांगायचं, दुसऱ्याने त्यावर महापालिकेला दोन शब्द सुनवायचे. आई गेल्यानंतर बाबा घरात जवळजवळ बोलत नव्हते. दिवसातला तो एक तास त्यांना माणसांत आणायचा. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर पुढचं सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

त्या वर्षी आषाढात आठवडाभर पाऊस गायब झाला. मित्रांनी रविवारी घाटात जायचं ठरवलं. सगळे आपापल्या आवाजासकट येणार आणि मी एकटा मुक्या गाडीने? शनिवारी नाखवा जेवायला घरी गेले असताना मी गॅरेजात गेलो, खिळ्यावरची माझी नळी काढली आणि आमच्या पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा होऊन स्वतः बसवली. तासभर खपलो. पोटाखालचं आवरण काढलं ते परत बसेना, ते तसंच डिकीत टाकलं. वर शीळसुद्धा घातली.

रविवारी परतताना दादरला येईपर्यंत आभाळ फाटलं. हिंदमाताजवळ पाणी तुंबलं होतं. दुपारचे चार वाजले होते, लख्ख दिसत होतं, कोणी माझ्यावर पिस्तूल रोखलं नव्हतं. उतरून चालून बघायला हवं होतं. पण पायात नवे बूट होते. हो, बूट! मी गाडी पाण्यात घातली. शेजारून बस गेली, तिची लाट बंपरवर आदळली आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. मनगटावर नाखवांचा हात असल्यासारखं वाटलं मला, खोटं नाही सांगत. पण मागे हॉर्नचा गिल्ला सुरू झाला, एक टॅक्सीवाला खिडकीतून शिव्या घालू लागला, आणि मी किल्ली फिरवली. आतून ठक्क असा एकच आवाज आला.

गाडी ओढून आणली तेव्हा बाबा खाली उभे होते. त्यांनी वाकून बंपरखाली पाहिलं, नळी दिसली. आपल्या दोस्ताच्या संगतीत त्यांनाही एवढं कळायला लागलं होतं. "नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून," ते म्हणाले. "ही कोणी बसवली?"

"नाखवांनी," मी म्हणालो.

का म्हणालो? आज इतक्या वर्षांनी उत्तर शोधतोय. बाबांना मी घाबरत नव्हतो. मला फक्त त्या क्षणी त्यांच्या नजरेत गाढव ठरायचं नव्हतं. वर मी पुस्तीही जोडली, की मी मागे लागलो होतो हे खरं, पण शेवटी बसवली त्यांनीच. अर्धी चूक कबूल केली की उरलेलं खोटं पचतं, एवढी अक्कल मात्र तेव्हा बरी सुचली.

तशीच पुढे ओढून नेलेली गाडी रात्रभर नाखवांच्या पत्र्याखाली होती. सकाळी मी आणि बाबा गेलो तेव्हा नाखवांनी सगळं उघडून ठेवलं होतं. नळीला जी लोखंडी पट्टी आवळतात तिचा स्क्रू ते नेहमी वरच्या अंगाला ठेवत, म्हणजे पाण्यापावसात गाडीखाली न शिरता हात घालून सोडवता येतो. माझा स्क्रू खाली तोंड करून होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये डोकं घातलं.

"नाखवा, तुम्ही आषाढात ही नळी बसवलीत?" बाबांनी विचारलं.

नाखवा हात पुसत उभे राहिले. बराच वेळ पुसत होते. "माझ्या हातून चूक झाली, भाऊ," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा उतरला. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, एवढंच ते बोलले आणि वळले. स्टोव्हवर चहा उकळत होता. मी तिथेच होतो, दोघांच्या मध्ये, दोन हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून बाबांच्या मागे चालू लागलो.

नाखवांनी महिनाभर खपून ते इंजिन नीट केलं. गाडी आणायला मी एकटाच गेलो. किल्ली देताना मी काहीतरी चाचरत बोलायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "बापासमोर पोराला उघडं पाडायचं काम माझं नाय," ते म्हणाले. "पण भाऊंना तू सांग. मी सांगणार नाय." मी म्हटलं, सांगतो. संध्याकाळीच सांगतो म्हटलं.

नाही सांगितलं. त्या संध्याकाळी बाबांचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि मग कारण शोधायचीही गरज पडेना. बाबा सरळ माणूस. इमारतीत कोणी विचारलं की सांगत, कारागीर चांगला, पण शब्दाला जागला नाही. आमच्याकडच्या सहा गाड्या नाखवांकडे जायच्या त्या दुसरीकडे जाऊ लागल्या. ज्या माणसाची सगळी इभ्रत एका नियमावर उभी होती, त्यानेच तो मोडला म्हटल्यावर लोक कशाला थांबतील? बाबांचं अकराचं जाणं तर त्या सकाळीच संपलं. शर्ट घालून गॅलरीत बसत आणि बाराला आत येत. मी ते रोज पाहत होतो.

पुढे गॅरेजची जागा नव्या बांधकामात गेली आणि नाखवा पुन्हा कोळीवाड्यात होड्यांच्या इंजिनांकडे गेले. एकदा, मोठं धैर्य करून, मी तिथे त्यांना भेटायला गेलो. कंबरेला पट्टा बांधून ते होडीत वाकले होते. मला पाहून खरंच आनंद झाला त्यांना. गाडी कशी आहे, पावसात नाक सांभाळतोस ना, सगळं विचारलं. निघताना हळूच म्हणाले, "भाऊंना सांगितलंस?"

"सांगतो," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. त्या "बरं"मध्ये राग असता तर मला सोपं गेलं असतं.

नाखवा गेल्याचं यंदा आमच्या वॉचमनकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. मी वर जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माणूस लाखात एक होता रे. शेवटी माझ्याशीच का खोटा वागला, कळलं नाही."

तेव्हा माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नळी, बूट, किल्ली, स्क्रू, सगळं. मला वाटलं ते ओरडतील, निदान एक थप्पड तरी मारतील. ते उठले आणि शर्ट घालू लागले. वरळीला चल, म्हणाले.

कोळीवाड्याच्या बोळांतून विचारत विचारत आम्ही घर गाठलं. नाखवांच्या बायकोने बाबांना कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी नाव सांगितलं, दारातच हात जोडले आणि त्या माउलीची माफी मागितली. माझ्या करणीची माफी, माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाने, वाकून. मी त्यांच्या मागे उभा होतो. तिला काहीच कळेना. घरी ते यातलं कधी काही बोललेच नव्हते. "परळच्या भाऊंचं नाव मात्र काढायचे," ती म्हणाली. "हल्ली येत नाहीत, तब्येत बरी नसेल, असं म्हणायचे." बाबा तिथेच पायरीवर बसले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा मी गाडीचं दार उघडून धरलं. बाबा बसले नाहीत.

"जिवंत होता तोवर तुला एक दिवस सापडला नाही?" त्यांनी विचारलं.

मी बसने जातो, तू ये तुझ्या गाडीने, असं म्हणून ते काठी टेकत स्टॉपवर जाऊन उभे राहिले. मी दार तसंच धरून उभा होतो. बस आली, ते चढले, खिडकीशी बसले. बस माझ्या अगदी जवळून गेली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.