कुट्टी मशीनचा दावा

बंद पडलेलं यंत्र दिसलं की मिस्त्री आधी त्याला कान लावायचे. वीज नसली तरी. मग म्हणायचे, "बघू द्या जरा." असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

दौंडला कोर्टाबाहेर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. राहू गावचे हे मिस्त्री तिथे तक्रार टाईप करून घ्यायला आले. गुरांचा चारा कापायची त्यांची नवी कडबाकुट्टी महिन्याभरात अडकायला लागली होती. वॉरंटी होती, पण दुकानदार चारचौघांत म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच खोलून बिघडवली आसंल."

"ताई, मला पैसं नकोत. दोष मूळचाच हाय, एवढं त्याच्याकडनं लिहून पायजे. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त करतोय. आता लोक माझ्याकडं आणायच्या आधी इचार करत्यात."

मी क्रमाने लिहून दिलं. पावती, वॉरंटी कार्ड, दुकानदाराला नोटीस, तिची पोच. मग पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार. वकील नसला तरी चालतं. तारखेला स्वतः हजर राहायचं. शेवटचं वाक्य लाल शाईने: निकाल लागेपर्यंत मशीन उघडायची नाही.

"म्हंजी बिघाड जपून ठिवायचा?"

"हो. तोच तुमचा पुरावा."

"अवघड हाय."

दर तारखेनंतर ते दुकानात डोकवायचे. काय झालं ते सांगता सांगता एकदा माझा स्टेपलर दुरुस्त झाला, एकदा डुगडुगणारं स्टूल. "कोर्टाचा गिअर लय हळू फिरतो," ते म्हणायचे, "पर दात शाबूत हाईत."

आयोगाने मशीन तपासायला तज्ज्ञ नेमला. तो मंगळवारी राहूला येऊन गेला. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन.

"ताई, बटण दाबलं आन् काय झक्कास चालली!"

"चालली? कशी?"

"रविवारी गिअर बदलला. पत्र्याला रंगबी मारला."

मी त्यांची फाईल पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "लाल शाईत लिहिलं होतं, मिस्त्री."

"वाचलं व्हतं. पर पुण्याचा माणूस बघाय येणार आन् मिस्त्रीच्या दारात मशीन बंद? बरं दिसतं का ते?"

तज्ज्ञाने लिहिलं, यंत्रात दोष नाही. पुढच्या तारखेला मिस्त्रींनी झिजलेला गिअर रुमालातून काढून आयोगापुढे ठेवला आणि आपणच दुरुस्ती केल्याचं सांगितलं. समोरचा वकील लगेच म्हणाला, "म्हणजे मशीन तुम्ही उघडलीत." तक्रार फेटाळली गेली. अपिलाची मुदत मी त्यांच्या फाईलवर लिहून ठेवली. मुदत संपली, मिस्त्री आले नाहीत. मी फाईल बांधून वरच्या कप्प्यात टाकली.

गेल्या थंडीत ते वारल्याचं कळलं. दहाव्याला मी राहूला गेले. त्यांच्या मुलाने शेड दाखवली. भिंतीवर नट आवळायचे पाने लहान-मोठे क्रमाने टांगलेले. शेजारी खिळ्याला एक तार, तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या.

"ह्या कसल्या?"

"त्याच दुकानाच्या. त्या मॉडेलच्या बाकीच्या मशीनीबी अडकाय लागल्या. शेवटी दुकानदारच टेम्पोत घालून आबांकडं आणायचा. आबा म्हणायचं, 'आधी दोष लिहून द्या, मग पाना लावतो.'"

मी चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येकीवर मशीनचा नंबर, सही, दुकानाचा शिक्का. सगळ्यात खालची चिठ्ठी सर्वांत जुनी होती. तिच्यावरचा नंबर टेम्पोतून आलेल्या मशीनचा नव्हता. तो मला पाठ होता. तक्रारीत मीच टाईप केला होता.

त्याखाली दुकानदाराच्या हातचं होतं: या मशीनचा गिअर मुळातच सदोष होता. मिस्त्रींची काही चूक नाही.