तात्या, काच खाली

पुण्यात मराठी रॉक ऐकणाऱ्या पोरांना सूरज माहीत नाही असं होत नाही. उंच, किंचित वाकून उभा राहणारा, गिटारचा पट्टा लांब सोडून ती पार मांडीवर आणून वाजवणारा. 'डांबर' या बँडची बहुतेक गाणी त्यानं लिहिलेली. त्यातलं एक तर रॉकशी काडीचा संबंध नसलेल्यांनाही पाठ आहे. सिग्नलला काळ्या काचांची पांढरी गाडी थांबली की शेजारच्या दुचाकीवरून कुणीतरी ओरडतंच, "तात्या, काच खाली!" या गाण्यानं सूरजला नाव मिळवून दिलं. आज ते कानावर पडलं की तो मान खाली घालून चालायला लागतो.

सूरज वाघोलीचा. नगर रस्त्याला लागून त्यांचं वावर होतं. ज्वारी, कांदा, विहिरीच्या पाण्यावर थोडा भाजीपाला. तो नववीत असताना त्याच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, ते वावर बिल्डरला दिलं. हिंदुरावांना सगळी आळी तात्या म्हणायची, सूरजही तेच म्हणायचा. पैसा आला तसं तात्यांनी घर बांधलं, पांढरी मोठी गाडी घेतली, गळ्यात साखळ्या चढवल्या आणि पोराला गावातल्या शाळेतून काढून शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं.

त्या शाळेत पहिल्याच आठवड्यात सूरज उभा राहून म्हणाला, "सर, माझ्याकडं पुस्तक न्हाय." सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर बरेच दिवस तो वर्गात बोललाच नाही, आणि बोलायला लागला तेव्हा 'हाय' आणि 'न्हाय' त्याच्या तोंडातून पार गेलं होतं. घरीसुद्धा तो तसंच बोलायचा. त्याची आई मुक्ताबाई शेजारणींना सांगायची, "रेडिओवानी बोलतंय माझं पोरगं."

गिटारचं वेड त्याला त्याच शाळेत लागलं. तात्यांनी एकदा ऐकलं, दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि त्याला कॅम्पातल्या वाद्यांच्या दुकानात नेलं. आत शिरताच ते मोठ्यानं म्हणाले, "यातली सगळ्यात भारी दाखवा. आन् वाजवून दाखवा, नुसती बघून काय कळतंय?" दुकानात दोन कॉलेजातल्या मुली होत्या. त्यांनी वळून पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. सूरज हळूच पलीकडच्या कपाटाशी गेला आणि एकटाच आल्यासारखा माउथ ऑर्गन न्याहाळत उभा राहिला. तात्यांनी हाक मारली, "सूरज्या, ही बघ रे, लाल!" आपल्याला ऐकू आलं नाही असं त्याला दाखवायचं होतं, पण तात्यांचा आवाज शिवारातला होता. शेवटी लाल गिटार घेतली. तात्यांनी ती स्वतः खांद्यावर टाकून गाडीपर्यंत आणली, उसाची मोळी आणावी तशी.

पुढं कर्वेनगरला कॉलेजात त्याला शेफाली भेटली. ड्रम वाजवायची, फटकळ होती. बेस गिटारवर अवधूत आला. शेफालीच्या सोसायटीच्या तळघरात सराव चालायचा. तिथं एका काकांनी पाटी लावली होती : 'येथे वाहने लावावीत. वाद्ये रस्त्यावर लावावीत.' सुरुवातीला सूरज इंग्रजी गाणी लिहायचा. पाऊस, एकटेपणा, महामार्ग. लोक टाळ्या वाजवायचे आणि आपापसात बोलायला लागायचे.

एकदा सराव संपल्यावर तो मित्रांना वाघोलीतल्या एका 'शेजाऱ्याची' गंमत सांगायला लागला. वावर विकल्यावर ते गृहस्थ रोज संध्याकाळी गाडीत बसून त्या जागेसमोर जातात, एसी लावून, काचा वर करून, आपल्या रानात उभ्या राहणाऱ्या इमारती बघत बसतात. इमारतीवर इंग्रजी पाटी लागली तेव्हा वॉचमनला म्हणाले, वाच की जरा, काय नाव ठिवलंय आमच्या वावराचं. हे सगळं सूरजनं त्याच बोलीत सांगितलं जी त्यानं शाळेत टाकून दिली होती. अवधूत हसून हसून जमिनीवर बसला.

"हे लिही," शेफाली म्हणाली. "महामार्गावरून खाली उतर आणि हे लिही."

त्यानं लिहिलं. 'काळी काच, पांढरी गाडी, वावर गेलं, राहिली माडी, तात्या, काच खाली!' दुसऱ्या कडव्यात पाटी आणि वॉचमन आला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं पहिल्यांदा वाजलं आणि पोरांनी ते लागोपाठ तीनदा वाजवायला लावलं. कुणीतरी मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकलं. वर्षभरात 'डांबर'ला बंगळूर, दिल्ली, गुवाहाटीहून बोलावणी आली. सूरजला पुरस्कार मिळाला. मुलाखतींमध्ये त्याच्या गाण्यातल्या 'मातीच्या भाषेचं' कौतुक होऊ लागलं. हे तात्या कोण, असं विचारलं की तो सांगायचा, "काल्पनिक आहेत. आमच्याकडे असे शेकड्यांनी सापडतात." स्टेजवर या गाण्याला तो कडक पांढरा शर्ट आणि पितळी साखळ्या घालायचा. लोक त्यावरच शिट्ट्या मारायचे.

तोवर तो कर्वेनगरला वेगळा राहायला लागला होता. घरी गाण्याचा विषय तो टाळायचा. तात्या मात्र पोरगं टीव्हीवर दिसलं की आळीतल्यांना हाका मारून बोलवायचे. त्यांना शब्द फारसे कळायचे नाहीत. एवढ्या ढणढणाटात कुणाला कळणार? गाण्यात 'तात्या' येतं एवढं कळायचं, आणि ते त्यांना आवडायचं. "मला बी ने की एकदा," ते म्हणायचे. सूरज म्हणायचा, "तिथं उभं राहावं लागतं तात्या, गर्दी असते. तुमच्यासाठी नाही ते."

एका डिसेंबरात डी. पी. रस्त्यावरच्या एका लॉनवर 'डांबर'चा मोठा कार्यक्रम होता. संध्याकाळची वेळ. तात्या न सांगता आले. पोराचा कार्यक्रम म्हणून कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, सगळ्या साखळ्या, बोटांत अंगठ्या, डोळ्यांवर गॉगल. दारावरचा माणूस त्यांना पाहून हसला आणि त्यानं तिकीट न मागता पुढं सोडलं. त्याला वाटलं, हे कार्यक्रमातलेच.

ते पहिल्या रांगेपर्यंत पोचले आणि पोरांनी त्यांना पाहिलं. एकच आरडाओरडा झाला. कॅमेरावाल्यानं त्यांचा चेहरा मोठ्या पडद्यावर घेतला. हजारभर पोरं ओरडायला लागली, "तात्या! तात्या!" तात्यांना वाटलं, कलाकाराचा बाप म्हणून आपला मान होतोय. त्यांनी गॉगल काढला आणि चारी दिशांना वळून हात जोडले. त्यावर आणखी हशा. दोन पोरांनी त्यांना हात देऊन स्टेजवर चढवलं.

वर सूरज उभा होता. कडक पांढरा शर्ट, पितळी साखळ्या. बाप आणि मुलगा एकाच वेषात समोरासमोर आले. तात्या हसले. आपल्यासारखेच कपडे पोरानं घातलेत याचं त्यांना नवल वाटलं असावं, कदाचित आनंदही.

माइक सूरजच्या तोंडाशीच होता. तीन शब्द बोलायचे होते : हे माझे वडील. त्याला समोर ती मोबाइल धरलेली पोरं दिसत होती, त्यांचे हसायला टपलेले चेहरे दिसत होते. तो म्हणाला, "बघा पुणेकरहो, खरा तात्या आलाय!" आणि गाणं सुरू केलं.

पहिल्या कडव्याला तात्या हसतच होते, तालावर मानही हलवत होते. स्टेजवर, अगदी सूरजच्या शेजारी उभं राहिल्यावर शब्द स्वच्छ ऐकू येत होते. दुसरं कडवं आलं. पाटी आली, वॉचमन आला, 'वाच की जरा' आलं. ती पाटी वाचायला सांगितली त्या दिवशी गाडीत तात्यांच्या शेजारी सूरज सोडून दुसरं कुणी नव्हतं. तात्यांची मान हलायची थांबली. ते पोराकडे बघत राहिले. सूरज लोकांकडे बघत गात राहिला. तात्या गाणं संपेपर्यंत तिथंच उभे होते.

टाळ्या चालू असताना शेफाली ड्रमवरून उठून आली. तिनं तात्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. "कमाल केलीत काका! आपण कुठल्या नाटकात काम करता?"

तात्यांनी सूरजकडे पाहिलं. सूरजनं ऐकलं होतं. तो खाली वाकून गिटारची खुंटी पिळायला लागला. तार सुरातच होती.

"न्हाय ओ," तात्या शेफालीला म्हणाले, "हौशी कलाकार हाय. वाघोलीचा." आणि लोकांना एकदा नमस्कार करून जपून पायऱ्या उतरले.

तो व्हिडिओ मूळ गाण्यापेक्षा जास्त चालला. 'म्हातारा नट एक नंबर', 'यांना सिनेमात घ्या' असं लोक लिहीत होते. वाघोलीत मात्र तो नट कोण हे सगळ्यांना माहीत होतं. तात्या चावडीसमोरून गेले की पोरं काच खाली घ्यायला सांगायची, पायी असले तरी. पंधरवड्यानं मुक्ताबाईचा फोन आला. ती रागावली नाही. "तुझ्या तात्यांनी गाडी काढायची बंद केलीया," एवढंच म्हणाली. "साखळ्या बी पेटीत ठिवल्या. त्यांना इचारलं तर म्हणत्यात, जड व्हत्यात."

सूरज वाघोलीला गेला. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांचा गळा मोकळा होता, आणि त्यामुळे मान एकदम बारीक दिसत होती. सूरजला पाहून ते उठून उभे राहिले.

"या," ते म्हणाले. "बसा."

"पोराला काय वो अहो-जाहो करताय?" आतून मुक्ताबाई म्हणाली.

"मोठा माणूस हाय. पाणी आण त्यांना."

सूरज बसला नाही. "तात्या, माझं चुकलं."

"गाण्याचं म्हणताय? गाणं बरं हाय की. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्या बी हसलो असतो." ते समोरच्या भिंतीकडे वळले. "रोज तिथं जाऊन बसायचो ते कुणाला दिसू नये म्हणून काच वर घ्यायचो. तुमाला दिसत व्हतं ते ठीक हाय. तुमी घरातले."

मुक्ताबाईनं आणलेलं पाणी सूरजनं हातात घेतलं.

"एक इचारू? त्या पोरीनं मला नाटकाचं इचारलं, तवा तुमी का बोलला न्हाय?"

सूरज उभाच होता. उत्तर त्याला माहीत होतं. कॅम्पातल्या त्या दुकानापासून माहीत होतं. ते बापाच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. तात्यांनी थोडी वाट पाहिली, मग चपला घातल्या आणि मागच्या अंगाला गेले.

पुण्याला परतल्यावर त्यानं शेफाली आणि अवधूतला खरं सांगितलं. अवधूतनं बेस गिटार खाली ठेवली. शेफालीचा चेहरा पांढरा पडला. "मी तुझ्या वडिलांना नट म्हटलं," ती म्हणाली, "आणि तू मला म्हणू दिलंस." मग तिच्या नेहमीच्या सुरात, "आपण फारच मोठे कलावंत आहात. नमस्कार."

पुढच्या कार्यक्रमात पोरांनी ते गाणं मागितलं तेव्हा सूरज माइकशी आला. त्यानं साधा टी-शर्ट घातला होता. "मागच्या वेळी स्टेजवर आले ते नट नव्हते," तो म्हणाला. "ते माझे वडील. मी त्यांना ओळख दाखवली नाही. गाण्यातले तात्या तेच. हे गाणं आम्ही यापुढं वाजवणार नाही."  मग मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, काच खाली!" आणि सगळं मैदान हसलं. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. सूरजनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, तसा हशा वाढला. शेफालीनं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. गाणं वाजत नाही म्हटल्यावर स्टेजवर पाण्याच्या बाटल्या येऊन पडल्या आणि अर्धे लोक निघून गेले.

'डांबर' अजून आहे. बोलावणी कमी झाली, तरी आहेत. सूरज खराडीत गिटार शिकवतो, नवी गाणी लिहितो. ते जुनं गाणं त्यानं वाजवायचं सोडलं, पण ते त्याच्याकडून परवानगी मागायला कुठं येतं? वरातींत वाजतं, गणपतीत वाजतं. गेल्या वैशाखात त्याच्याच आळीत, चुलतभावाच्या हळदीला, डीजेनं ते लावलं. तात्या खुर्चीवर बसले होते आणि पोरं मुद्दाम त्यांच्यासमोर नाचत होती. सूरज धावत डीजेकडे गेला. "बंद कर ते."

"दादा, तुमचंच गाणं हाय की!" तो पोरगा हरखून म्हणाला आणि त्यानं माइकच सूरजच्या हातात दिला. "दोन शब्द बोला!"

सूरजनं वायर ओढून काढली. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात तात्या खुर्चीवरूनच म्हणाले, "लावू दे रे. घरचं लगीन हाय." वायर परत जोडली गेली. सूरज तिथंच, स्पीकरशेजारी, गाणं संपेपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला त्यानं तात्यांकडे बघायचं ठरवलं होतं, ते त्याला जमलं नाही.

आता तो दर रविवारी वाघोलीला जातो. तात्यांचं 'तुमी' हळूहळू 'तू'वर आलं. कधी आलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्याची मोटार, वीजबिल, मुक्ताबाईचे गुडघे, अशा गोष्टींवर दोघं बोलतात. गाण्यावर बोलत नाहीत. सूरज कार्यक्रमाला या म्हणत नाही आणि तात्या विचारत नाहीत.

मागच्या रविवारी मुक्ताबाईच्या माहेरची माणसं आली होती. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "सूरज, वाजव की कायतरी." सूरजनं गिटार काढली, सूर लावले आणि नुसतीच एक धून सुरू केली, शब्द नसलेली. तात्या उठले. "टाकी भरली का बघून येतो," असं म्हणून जिना चढून गच्चीवर गेले. मुक्ताबाई समोर बसली होती, म्हणून सूरजनं धून शेवटपर्यंत वाजवली. पाहुण्यांनी वाहवा केली. तात्या बराच वेळ खाली आले नाहीत.